लॅपटॉपवर चालतं, पॅकहाऊसला उघडत नाही: क्लाउड सर्व्हर पुन्हा पुन्हा बंद पडतो तेव्हा

दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षांच्या एका पॅकहाऊससाठी मी नोंदवहीचं ॲप करून दिलं आहे. कोणत्या बागायतदाराच्या कोणत्या प्लॉटमधून किती क्रेट आले, मण्याचा साईज काय निघाला, किती पेट्या भरल्या, प्रीकूलिंगला माल कधी गेला, एवढ्याच नोंदी. जँगोमध्ये (पायथनमधली वेब ॲप बनवायची चौकट) लिहिलेलं, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि सगळं क्लाउडच्या मुंबई रीजनमधल्या १ जीबी मेमरीच्या उबुंटू मशीनवर. मी काम करतो नाशिकला, गंगापूर रोडवरच्या घरातून, विंडोज लॅपटॉपवर व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर वापरून.

खुडा जोरात असताना हे ॲप दर तीन-चार दिवसांनी बंद पडायचं. सकाळी सहा-सव्वासहाला सुपरवायझरचा फोन यायचा, ‘दादा, ते पान उघडत नाही, इकडे क्रेट उतरायला लागले.’ मी अंथरुणातून उठून लॅपटॉप उघडायचो, व्हीएस कोडमधून सर्व्हरला जोडायचो, टर्मिनलमध्ये परत चालू करायचो. चालायचं. मग तीन-चार दिवसांनी पुन्हा तोच फोन. तोवर मुलांनी नोंदी कागदावर घेतलेल्या असायच्या, त्या दुपारी बसून परत भराव्या लागायच्या, आणि त्यात एखाद्या बागायतदाराचे दोन क्रेट इकडचे तिकडे झाले की त्याच्या पैशाचा प्रश्न. म्हणून हे मनावर घेतलं आणि आठवडाभर बसून मुळापर्यंत गेलो. ज्यांच्याकडे हेच वारंवार होतंय त्यांच्यासाठी लिहितोय.

सुरुवातीलाच सांगतो: माझ्याकडे बिघाड एक नव्हता, तीन होते. पण फोनवर तिघांचं नाव एकच यायचं, ‘बंद आहे’. मी एकाचा इलाज करायचो, दोन दिवस बरं वाटायचं, मग दुसरा उपटायचा आणि मला वाटायचं पहिलाच परत आला. त्यामुळे सगळ्यात आधी पॅकहाऊसच्या मुलांना एक सवय लावली. पान उघडलं नाही तर मला फोन करायच्या आधी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा. त्या एका सवयीने निम्मं काम झालं.

स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय

ब्राउझर बराच वेळ फिरत राहतो आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’ म्हणतो, तेव्हा तुमची विनंती मशीनपर्यंत पोचलेलीच नसते किंवा वाटेत कुणीतरी ती गुपचूप टाकून दिलेली असते. क्लाउडच्या फायरवॉलचं, म्हणजे सिक्युरिटी ग्रुपचं, काम असंच चालतं. नियमात न बसणारं डेटाचं पाकीट तो टाकून देतो, परत काही कळवत नाही. त्यामुळे समोरचा वाट बघत बसतो. इथे ॲपचे लॉग बघण्यात वेळ घालवू नका, त्यात काहीही सापडणार नाही.

क्षणात ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर विनंती मशीनपर्यंत पोचली आहे, पण त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारं कुणी नाही. मशीन स्वतःच ‘नाही’ म्हणून कळवतं, म्हणून उत्तर लगेच येतं. इथे नेटवर्क बरोबर आहे. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) मेली आहे किंवा चुकीच्या पत्त्यावर ऐकते आहे.

‘५०२ बॅड गेटवे’ दिसलं तर एनजिनएक्स, म्हणजे बाहेरच्या विनंत्या झेलणारा वेब सर्व्हर, जिवंत आहे, पण त्याच्या मागे उभा असलेला गनिकॉर्न, म्हणजे जँगोचं ॲप चालवणारा प्रोग्रॅम, सापडत नाही. ‘५०४’ म्हणजे गनिकॉर्न सापडला, पण वेळेत बोलला नाही. ‘४००’ आणि ‘४१३’ म्हणजे सगळं चालू आहे, फक्त ही एक विनंती नाकारली गेली आहे.

ओरॅकलच्या क्लाउडवर काम करणाऱ्यांना चौथी तऱ्हाही दिसते: ‘नो राउट टू होस्ट’. तिथल्या तयार इमेजमध्ये मशीनच्या आतही आयपीटेबल्सचे, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या फायरवॉलचे, नियम असतात आणि २२ (एसएसएचचं, म्हणजे दुरून लॉगिन करायचं पोर्ट) सोडून बहुतेक पोर्ट ते नाकारतात. बाहेरच्या सिक्युरिटी लिस्टमध्ये ८० आणि ४४३ हे वेब पानांचे पोर्ट उघडले तरी आतला नियम बदलल्याशिवाय पान उघडत नाही. राउटिंगमध्ये शोधाशोध करून माणूस दमतो, आणि दोष असतो मशीनच्या आत.

लोकलहोस्ट लॅपटॉपवर उघडतं, त्यावर विसंबू नका

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून हे सविस्तर सांगतो.

व्हीएस कोडच्या रिमोट एसएसएच सोयीने तुम्ही सर्व्हरवर जोडले गेलात आणि तिथल्या टर्मिनलमध्ये जँगोचा डेव्हलपमेंट सर्व्हर चालू केलात, की तो १२७.०.०.१ वर, ८००० पोर्टला ऐकायला लागतो. हा पत्ता, म्हणजेच लोकलहोस्ट, हा मशीनचा स्वतःपुरता पत्ता. बाहेरून कुणीही तिथे पोचू शकत नाही. पण व्हीएस कोड ते पोर्ट ओळखतो आणि एसएसएचच्या बोगद्यातून तुमच्या लॅपटॉपवर आणून ठेवतो. तुम्ही लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८००० उघडता आणि पान झकास दिसतं. सर्व्हरवरचा खरा डेटासुद्धा दिसतो. साहजिकच वाटतं की सर्व्हर चालू आहे.

तो चालू असतो, पण फक्त तुमच्यासाठी. पॅकहाऊसमधल्या फोनला तो बोगदा नाही.

यातून एक नाही, चार-पाच फसगती निघतात. लोकलहोस्ट म्हणून उघडल्यामुळे जँगोची अलाउड होस्ट्सची, म्हणजे कोणत्या नावांनी ॲप उघडू द्यायचं त्याची, यादी रिकामी असली तरी डीबग (चुका तपशिलात दाखवायचं सेटिंग) चालू असताना पान उघडतं. डोमेनच्या नावाने उघडलं की ‘४०० बॅड रिक्वेस्ट’. लोकलहोस्टला ब्राउझर सुरक्षित जागा मानतो, म्हणून तिथे एचटीटीपीएस नसतानाही कॅमेरा उघडतो. आमच्या क्रेटवर क्यूआर कोडची चिठ्ठी असते, ती स्कॅन करायचं पान माझ्या लॅपटॉपवर दहा वेळा तपासलं होतं. फोनवर साध्या एचटीटीपी पत्त्याने उघडलं तर कॅमेरा सुरूच होईना. कोडमध्ये काही चूक नव्हती, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट नव्हतं. तिसरं, बोगद्याच्या वाटेत एनजिनएक्स येत नाही. एनजिनएक्स मूळच्या सेटिंगमध्ये १ एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, आणि आजच्या फोनचा फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. घडाचा फोटो जोडून नोंद टाकली की ‘४१३’. लॅपटॉपवरून तोच फोटो जायचा. एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये ‘क्लायंट मॅक्स बॉडी साईज’ १० एमबी केलं आणि तो विषय मिटला.

जँगो ४.० पासून आणखी एक आहे. एनजिनएक्सच्या मागे एचटीटीपीएसवर चालवताना फॉर्म सबमिट केला की ‘४०३’ आणि सीएसआरएफची (फॉर्म दुसऱ्याच साइटवरून आलेला नाही ना, या तपासणीची) तक्रार येते. सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्सच्या यादीत डोमेन ‘एचटीटीपीएस’ या सुरुवातीसकट लिहावं लागतं. नुसतं नाव चालत नाही.

तपासायची रीत साधी आहे. सर्व्हरवर ‘सुडो एसएस’ आणि त्यापुढे डॅश देऊन टी-एल-एन-पी ही अक्षरं, अशी आज्ञा द्या. ऐकणाऱ्या सगळ्या प्रोसेस आणि त्यांचे पत्ते समोर येतात. ८० आणि ४४३ समोर ०.०.०.० (म्हणजे मशीनचे सगळे पत्ते) आणि एनजिनएक्सचं नाव दिसलं पाहिजे. गनिकॉर्न १२७.०.०.१ वरच राहू द्या, तीच त्याची योग्य जागा आहे. घाईत डेव्हलपमेंट सर्व्हरच ०.०.०.० वर बांधून ८००० पोर्ट जगाला उघडणारे बरेच जण मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. डीबग चालू असताना एखादी चूक झाली की जँगो तुमच्या कोडच्या ओळी, व्हेरिएबलच्या किमती आणि सेटिंगचा बराचसा भाग त्या पानावर छापतो. तो वाचणारा तुमच्या ओळखीचा असेलच असं नाही.

पहिला बिघाड: टर्मिनलसोबत जाणारी प्रोसेस

सव्वासहाच्या फोनामागचं पहिलं कारण हे निघालं. ॲप मी व्हीएस कोडच्या टर्मिनलमधून चालू केलेलं असायचं. रात्री लॅपटॉप मिटला की एसएसएचची जोडणी तुटायची. व्हीएस कोड ते टर्मिनल काही वेळ धरून ठेवतो, तुम्ही परत जोडले जाल म्हणून. नंतर आवरून टाकतो आणि त्यासोबत त्यात चालणारी प्रोसेसही जाते. लॅपटॉप मिटल्या मिटल्या ॲप बंद पडलं असतं तर मला त्याच रात्री कळलं असतं. ते पडायचं मध्यरात्री केव्हातरी, आणि समजायचं सकाळी.

इलाज एकच: सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस चालू करणारा आणि चालू ठेवणारा कारभारी. नोहप, स्क्रीन, टीमक्स हे सगळं मी वापरून बघितलं. टर्मिनल गेल्यावर प्रोसेस टिकते हे खरं, पण मशीन रीबूट झालं की काहीच आपोआप उठत नाही. सिस्टमडीची सर्व्हिस फाइल वीस ओळींची असते आणि एकदा लिहिली की झालं. त्यात चार गोष्टी सांभाळा.

गनिकॉर्नचा पूर्ण पत्ता लिहा, व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंटच्या (ॲपच्या पायथन पॅकेजेसचं वेगळं फोल्डर) बिन फोल्डरसकट. सिस्टमडी तुमचं ‘ॲक्टिव्हेट’ ओळखत नाही. एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) असतील तर ते त्याला दिसणार नाहीत, ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ‘एनव्हायर्नमेंटफाइल’ने जोडा आणि त्या फाइलीत ओळीच्या सुरुवातीचा ‘एक्सपोर्ट’ शब्द काढून टाका, नाहीतर सिस्टमडी ती ओळ सोडून देतो. हाताने चालू केलं की चालतं आणि सर्व्हिस म्हणून चालत नाही, असं झालं तर दहातल्या नऊ वेळा इथेच बघायचं. ‘रीस्टार्ट’समोर ‘ऑलवेज’ लिहा, पण ‘रीस्टार्टसेक’ ५ तरी ठेवा. मूळ सेटिंगमध्ये सिस्टमडी दोन प्रयत्नांमध्ये सेकंदाचा दहावा भागच थांबतो आणि १० सेकंदांत ५ वेळा अपयश आलं की नाद सोडतो. पोस्टग्रेस उठायला चार सेकंद जास्त लागले, तेवढ्यात तुमच्या सर्व्हिसने हार मानलेली असते. आणि शेवटी ‘एनेबल’ करायला विसरू नका. ‘स्टार्ट’ केलं म्हणजे रीबूटनंतर आपोआप उठेल, असं नाही.

या पायरीवर एनजिनएक्स हमखास ५०२ देतो. त्याच्या एरर लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ आणि कंसात १३ दिसलं, तर गनिकॉर्नची सॉकेट फाइल (जिच्यातून एनजिनएक्स त्याच्याशी बोलतो) तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे का ते बघा. उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डर ७५० परवानगीने बनतात, म्हणजे इतर वापरकर्त्यांना आत पाऊलही टाकता येत नाही, आणि एनजिनएक्स चालतो वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने. जुन्या मार्गदर्शिका त्याआधीच्या आहेत. त्या जशाच्या तशा वापरल्या की माणूस इथे अडकतो. होम फोल्डर ७७७ करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सॉकेट सोडून १२७.०.०.१ वर ८००० पोर्ट घ्या किंवा सर्व्हिस फाइलमध्ये ‘रनटाइम डिरेक्टरी’ लिहून सॉकेट रन फोल्डरमध्ये न्या. स्टॅटिक फाइलीही होममधून उचलून व्हार फोल्डरखाली ठेवा. नाहीतर पान उघडेल पण रंगरूप नसेल, आणि लॉगमध्ये ‘४०३’ येत राहतील.

दुसरा बिघाड: बघायला गेलो की पडायचं

सिस्टमडी लावल्यावर पाच दिवस शांततेत गेले. सहाव्या दिवशी दुपारी एक छोटा बदल करायला सर्व्हरला जोडलो, आणि दहा मिनिटांत पॅकहाऊसमधून स्क्रीनशॉट आला. ५०२. बघेपर्यंत आपोआप उठलंही होतं. दोन दिवसांनी पुन्हा तसंच. तारखा आणि वेळा एका कागदावर लिहून काढल्या तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक वेळी मी व्हीएस कोडने जोडलेलो होतो. मी नसताना एकदाही पडलं नव्हतं.

कारण मेमरी. व्हीएस कोड रिमोट जोडतो तेव्हा तो सर्व्हरवर स्वतःचा एक सर्व्हर उतरवतो. त्याच्या दोन-तीन नोड प्रोसेस, शिवाय पायथनचं एक्स्टेन्शन आणि त्याचा लँग्वेज सर्व्हर. शेकडो एमबी त्यातच जातात. व्हीएस कोडची स्वतःची शिफारस समोरच्या मशीनला किमान १ जीबी आणि शक्यतो २ जीबी मेमरी असावी अशी आहे, आणि आमच्या १ जीबीत पोस्टग्रेस, एनजिनएक्स आणि गनिकॉर्न आधीच बसलेले. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, एखादी मोठी प्रोसेस निवडून मारतो. कधी तो गनिकॉर्नचा वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रोसेस) असायचा, कधी पोस्टग्रेसची प्रोसेस.

हे कर्नलच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं. ‘जर्नलसीटीएल’ला डॅश के देऊन बघा आणि ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ शोधा. गनिकॉर्नच्या लॉगमध्ये वर्करला सिगकिल (जबरदस्तीने बंद करायचा आदेश) मिळाल्याची ओळ येते आणि पुढे ‘पर्हॅप्स आउट ऑफ मेमरी’ असा प्रश्नही तोच विचारतो. पोस्टग्रेसची एखादी प्रोसेस मेली की तो सगळ्या जोडण्या तोडून स्वतःला सावरायला घेतो. तेवढ्यात ॲपला ‘डेटाबेस इज इन रिकव्हरी मोड’ असं उत्तर येतं. ही ओळ वाचून डेटा गेला म्हणून घाबरू नका. तो सावरतो आहे, त्याला सावरू द्या. त्या वेळी घाईने मशीन बंद करणं मात्र टाळा.

माझ्या जँगो ॲपचे वर्कर मी पाच ठेवले होते, कारण गनिकॉर्नच्या कागदपत्रांत कोअरच्या दुप्पट अधिक एक असं सूत्र दिलेलं आहे आणि मशीनला दोन कोअर होते. सूत्र कोअर मोजतं, मेमरी मोजत नाही. पॅकहाऊसला एका वेळी सहा-सात फोन चालू असतात, त्यांना दोन वर्कर पुरतात. दोन केले.

मग २ जीबीची स्वॅप फाइल केली, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. फाइल बनवून तिला ६०० परवानगी, मग ‘एमके-स्वॅप’, मग ‘स्वॅप-ऑन’, आणि एफएसटॅब फाइलमध्ये तिची ओळ. ती ओळ राहिली तर पुढच्या रीबूटनंतर स्वॅप नसतो, आणि काही आठवड्यांनी तुम्हाला वाटतं की जुना बिघाड परत आला. क्लाउडच्या बहुतेक तयार इमेजमध्ये स्वॅप नसतोच, हे लक्षात ठेवा.

पण स्वॅप हा आधार आहे, उपाय नाही. उपाय म्हणजे चालू सर्व्हरवर व्हीएस कोडने जोडणं सोडून दिलं. आता कोड लॅपटॉपवरच डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) लिहितो, तिथेच उबुंटू आणि तिथेच पोस्टग्रेस. सर्व्हरवर साध्या एसएसएचने जातो, गिटने (कोडमधल्या बदलांचा हिशोब ठेवणारं साधन) कोड ओढतो, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) चालवतो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो, बाहेर पडतो. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. सर्व्हरवर बसून फाइल बदलण्यातला आणखी एक धोका असा की तो बदल गिटमध्ये येत नाही, आणि पुढच्या वेळी कोड ओढला की एकतर गिट अडून बसतो किंवा तुमची दुरुस्ती पुसली जाते. दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडायचं आमच्याकडे हेही एक कारण होतं.

डब्ल्यूएसएलवर येताना दोन खडे लागतात. एसएसएचची किल्ली सी ड्राइव्हवर ठेवली तर तिची परवानगी बदलता येत नाही आणि एसएसएच ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ म्हणून नकार देतो. ती डब्ल्यूएसएलच्या होममध्ये न्या आणि ६०० करा. दुसरं, विंडोजवर लिहिलेल्या शेल स्क्रिप्टच्या ओळींच्या शेवटी एक जादा अक्षर असतं. सर्व्हरवर ‘बॅड इंटरप्रिटर’ आणि शेवटी टोपीचं चिन्ह व एम दिसलं की तेच. गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये ओळीचा शेवट एलएफ असा ठरवून द्या.

तिसरा बिघाड: वीज गेली की दार बंद

हा नाशिकच्या उन्हाळ्यात जास्त छळतो. दुपारी वीज जाते, घरचा राउटर बंद पडून परत चालू होतो आणि इंटरनेट पुरवणाऱ्याकडून नवीन आयपी पत्ता मिळतो. सिक्युरिटी ग्रुपमध्ये २२ पोर्ट फक्त माझ्या जुन्या पत्त्याला उघडा होता. एसएसएच करायला गेलो की ‘टाइम्ड आउट’. मी समजायचो की मशीनच मेलं, आणि क्लाउडच्या पानावर जाऊन ते ‘स्टॉप’ करून ‘स्टार्ट’ करायचो.

आणि तिथे नवा घोळ सुरू व्हायचा. ॲमेझॉनच्या क्लाउडवर, आणि इतरही काही ठिकाणी, मशीन थांबवून पुन्हा चालू केलं की त्याचा आपोआप मिळालेला सार्वजनिक पत्ता बदलतो. नुसत्या रीबूटने बदलत नाही. आता डोमेन जुन्या पत्त्याकडे बोट दाखवतंय, मशीन नव्या पत्त्यावर. चालू असलेलं ॲप मीच पॅकहाऊससाठी बंद केलेलं असायचं. त्या दिवशी दुपारच्या शिफ्टने अडीच तास कागदावर काम केलं. ते मला अजून लागून राहिलं आहे.

त्यामुळे एसएसएच ‘टाइम्ड आउट’ झालं तर मशीनला हात लावण्याआधी दोन गोष्टी करा. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ॲपचं पान उघडा. उघडलं तर मशीन ठणठणीत आहे, अडचण तुमच्या दाराची आहे. मग ब्राउझरमध्ये स्वतःचा सध्याचा आयपी बघा आणि सिक्युरिटी ग्रुपच्या नियमातला पत्ता त्याच्याशी ताडून पाहा.

कायमचा बंदोबस्त म्हणून मशीनला स्थिर पत्ता घ्या. ॲमेझॉनवर त्याला इलॅस्टिक आयपी म्हणतात. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर आकार आहे, स्थिर असो वा आपोआप मिळालेला, म्हणजे महिन्याला साधारण ३.६५ डॉलर. पैसे दोन्हीकडे सारखेच जातात, तर स्थिरच घ्यावा.

एसएसएचच्या दाराबद्दल माझं मत ठाम आहे. वैताग आला म्हणून २२ पोर्ट सगळ्या जगाला उघडू नका. उघडल्यापासून काही तासांत लॉगमध्ये अनोळखी ठिकाणांहून पासवर्डचे प्रयत्न दिसायला लागतात. घरच्या पत्त्याचा नियमही फार भरवशाचा नाही, कारण अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्याने सुरू होत असेल तर तुम्ही त्यातलेच, आणि तुमच्या नावाने उघडलेलं दार शेजाऱ्यांनाही उघडं आहे. मी वायरगार्ड या व्हीपीएनचा खासगी मार्ग केला आणि २२ फक्त त्यातूनच उघडा ठेवला. आता घरून जोडा, मोबाइलवरून जोडा, पत्ता बदलला तरी फरक पडत नाही. ॲमेझॉनवर असाल तर सेशन मॅनेजरही चांगला, त्याला आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही.

एक जोडून सांगतो. पोर्ट आवळायच्या भरात ८० बंद करू नका. लेट्स एन्क्रिप्टचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट सध्या साधारण ९० दिवसांचं असतं आणि ते आणणारा सर्टबॉट हा प्रोग्रॅम नेहमीच्या पद्धतीने नूतनीकरण करतो तेव्हा पडताळणी ८० पोर्टवरूनच होते. ८० बंद केलं त्या दिवशी काहीच होत नाही. दोन-तीन महिन्यांनी, ऐन हंगामात, सगळ्या फोनवर लाल इशारा येतो आणि क्यूआरचा कॅमेराही बंद पडतो. सर्टबॉटला ‘रिन्यू’ आणि ‘ड्राय रन’ सांगून आजच तपासून घ्या.

घड्याळ आणि डिस्क

क्लाउडचं मशीन मूळ सेटिंगमध्ये बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं. सकाळी ६ वाजता मालाचा गोषवारा पाठवायला क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) लावला होता, तो साडेअकराला यायचा, कारण आपण साडेपाच तास पुढे. मशीनचं टाइमझोन एशिया-कोलकाता केल्यावर क्रॉनची सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर ती जुन्याच वेळेने चालत राहते. जँगोचं टाइमझोन वेगळं आहे, तेही सेटिंगमध्ये बदला. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच राहू द्या. तिथे हात लावला की रात्री बाराच्या आगेमागे आलेले क्रेट चुकीच्या तारखेत जातात.

डिस्क महिन्यातून एकदा ‘डीएफ’ने बघा. ८ जीबीची डिस्क जुन्या लॉगनी आणि फोटोंनी भरते आणि भरली की पोस्टग्रेस लिहिणं थांबवतो. ॲप तेव्हा ५०० देतं. जर्नलला (सिस्टमडीच्या लॉगला) २०० एमबीची मर्यादा घाला, फोटो क्लाउडच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर, म्हणजे फाइली ठेवायच्या वेगळ्या सेवेवर, न्या.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

लॅपटॉपवर पान उघडलं, यावरून काही ठरत नाही. मी असं करतो. पॅकहाऊसला माल नसतो त्या वेळी, शक्यतो दुपारी जेवणाच्या सुट्टीत, आधी सांगून ठेवून मशीन मुद्दाम रीबूट करतो. व्हीएस कोड बंद, लॅपटॉप मिटलेला. एसएसएचने काहीही हाताने चालू करत नाही. तीन मिनिटं थांबतो. मग फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर डोमेनच्या नावाने पान उघडतो, लॉगिन करतो, क्यूआर स्कॅन करतो, फोटो जोडून एक चाचणी नोंद टाकतो आणि तिची वेळ घड्याळाशी ताडून बघतो. मग सुपरवायझरला फोन लावून म्हणतो, ‘दादा, तुमच्या फोनवरून एक क्रेट टाकून बघा.’ त्यांच्या नोंदीचा नंबर त्यांनी वाचून दाखवला आणि तो माझ्या यादीत दिसला की काम झालं. यातलं काहीही अडलं तर त्यांच्याकडून स्क्रीनशॉट मागवतो आणि सुरुवातीला सांगितलेल्या चार तऱ्हांपैकी ती कोणती ते आधी ठरवतो.